रोजचं सार्वजनिक जगणं फोटोत आणि व्हिडिओत: एका जागेवरच्या कामाचा क्रम

सार्वजनिक जागेतल्या साध्या जगण्यावर काम करणाऱ्या बहुतेकांची अडचण एकसारखी असते. हार्ड डिस्क भरलेली असते, सुटे सुटे फोटो चांगले असतात, पण शेजारीशेजारी ठेवले की त्यांचं आपसात काही जुळत नाही. व्हिडिओची गत त्याहून वाईट. प्रत्येक शॉट आठ-दहा सेकंदांत संपलेला, कॅमेरा सतत कुणाच्या तरी मागे फिरलेला आणि आवाजात नुसता वारा. हात कच्चा असतो म्हणून हे होत नाही, क्रम चुकल्यामुळे होतं. आधी शूटिंग, मग विषयाचा शोध आणि सगळ्यात शेवटी परवानगीची धावपळ. इथे दिलेला क्रम नेमका उलटा आहे. जागा एकच, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही, आणि करणारं माणूस एकटं किंवा फार तर सोबत एक मदतनीस, असं गृहीत धरलं आहे.

टप्पा १: जागा लहान करा, प्रश्न डोळ्यांना दिसेल असा ठेवा

‘शहरातलं जीवन’ हा विषय होत नाही. एका नजरेत मावेल एवढी जागा घ्या: एक बसथांबा, पादचारी पुलाचा एक जिना, बागेतली बाकांची एक ओळ, तिकीट खिडकीसमोरची रांग. निवडताना तीन गोष्टी बघा. लोकांना तिथे थांबावं लागतं का? तुम्हाला तिथे पुन्हा पुन्हा सहज जाता येईल का? कुणाच्या वाटेत न येता तासभर उभं राहता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर जागा कितीही देखणी असो, सोडून द्या.

मग प्रश्न. ‘गर्दीतला एकटेपणा’ असं काही कॅमेऱ्याला टिपता येत नाही. ‘अनोळखी माणसं एका बाकावर अंतर कसं राखतात’ किंवा ‘अरुंद जिन्यावर वाट कोण कोणाला देतं’ हे टिपता येतं.

तपासा: प्रश्नाचं उत्तर विशेषणात येत असेल (उदास, गजबजलेलं, सुंदर) तर प्रश्न बदला. क्रियापदात येत असेल (सरकतात, टेकतात, वळून बघतात) तर पुढे चला.

टप्पा २: कॅमेऱ्याशिवाय पाहणी

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच आणि सगळं काम उभं राहतं ते यावरच. निदान चार फेऱ्या करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि एक सुट्टीचा दिवस. प्रत्येक वेळी तासभर एकाच जागी बसा. हातात वही आणि पेन, बाकी काही नको.

लिहायचं ते फक्त घडलेलं. बाकाची नोंद अशी दिसावी:

‘बाई कडेला बसली. पिशवी शेजारी, बाकाच्या मध्यावर. एक माणूस आला, दोन पावलांवर थांबला, पिशवीकडे बघितलं. बाईने त्याच्याकडे न बघता पिशवी मांडीवर घेतली. तो दुसऱ्या कडेला बसला. मधली जागा रिकामीच.’

या नोंदीत निदान चार फोटो आणि एक सलग शॉट दडलेला आहे. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपतो आणि कुणी एक शब्दही बोलत नाही. शिवाय कॅमेरा कुठे हवा तेही यातूनच कळतं. बाकाच्या बरोबर समोर, दोन्ही कडा चौकटीत येतील इतक्या अंतरावर, उंची साधारण पिशवीच्या पातळीवर. पाहणी न केलेला माणूस इथे बाईच्या चेहऱ्याचा छान फोटो काढून निघून गेला असता आणि जे घडलं ते पिशवीपाशी, हे त्याच्या गावीही नसतं.

चारही फेऱ्यांच्या नोंदी समोर ठेवून पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींवर खूण करा. जे तीन-चार वेळा दिसलं ते पुन्हा दिसणार, म्हणजे त्याची वाट पाहत उभं राहता येतं. एकदाच घडलेली मजेदार गोष्ट कितीही मोहात पाडत असली तरी तिच्या भरवशावर काम आखू नका.

वहीच्या शेवटच्या पानावर जागेचा नकाशा काढा: लोक कुठून येतात, कुठे टेकतात, ऊन कोणत्या वेळी कुठे पोचतं, तुम्ही उभे राहू शकाल अशा दोन-तीन जागा. चित्रकला यायला हवी असं काही नाही, नकाशा तुम्हाला वाचता आला की झालं.

सावधान: ‘फक्त नोंदीसाठी’ म्हणून फोन बाहेर काढू नका. एकदा चौकट हातात आली की नजर चौकटीबाहेर जात नाही आणि पाहणी तिथेच संपते.

टप्पा ३: परवानगी आणि माणसं

रस्त्यावर फोटो काढण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे आपल्या ठिकाणचे नियम आधी वाचा. तरीही काही गोष्टी सगळीकडे लागू पडतात. लोकांची ये-जा असली तरी प्रत्येक जागा सार्वजनिक नसते. मॉल, स्थानकं, रुग्णालयाचं आवार यांचे मालक किंवा व्यवस्थापन वेगळं असतं आणि परवानगी त्यांचीच लागते. हातातल्या कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष होतं, ट्रायपॉड उघडला की विचारणा होते. म्हणून अर्जात ट्रायपॉडचा उल्लेख स्वतंत्र करा. तारखा, वेळा, किती माणसं आणि कुठे उभी राहणार एवढं लिहा. कलेविषयीचा परिच्छेद तिथे कुणी वाचत नाही.

फोटो काढणं आणि तो वापरणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. जाहिरातीसारख्या व्यावसायिक वापराला ओळखू येणाऱ्या माणसाची लेखी संमती लागते असं धरूनच चाला. संवादाचं ध्वनिमुद्रण हा तर आणखी नाजूक मामला. अनेक ठिकाणी खासगी बोलणं नोंदवण्यावर वेगळी बंधनं आहेत, म्हणून मायक्रोफोन कुणाच्या गप्पांच्या रोखाने धरू नका.

स्वतःचं नाव, संपर्क आणि कामाची दोन ओळींची माहिती असलेली छोटी कार्डं खिशात ठेवा. कुणी हरकत घेतली तर थांबा, कार्ड द्या, पुसायला सांगितलं तर त्यांच्या समोर पुसा. कायद्याने हक्क असेलही, पण या जागेवर तुम्हाला उद्या पुन्हा यायचं आहे. लहान मुलं, आजारी किंवा नशेत असलेली माणसं, रडणारी माणसं यांना वगळा. यावर वाद घालणारे भेटतात. मी त्या वादात पडत नाही.

आणि लपून काढू नका. उघड्यावर, कॅमेरा दिसेल असं उभं राहिलं की पहिली वीस मिनिटं लोक बघतात, नंतर विसरतात. लपणाऱ्याचा संशय मात्र शेवटपर्यंत जात नाही.

टप्पा ४: साहित्य

एक कॅमेरा, एक किंवा दोन ठरावीक फोकल लेंथच्या, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्स (फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, २८ किंवा ३५ मिमी, सोबत हवी तर ५०), हलका ट्रायपॉड, आवाजासाठी छोटा रेकॉर्डर, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ कव्हर, कानभर बसणारे हेडफोन, एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच), जादा बॅटऱ्या आणि कार्डं. लांब झूम घरी ठेवा. तिने माणूस जवळ येतो, पण त्याच्या भोवतालची जागा नाहीशी होते आणि तुमचा विषय तर तीच आहे.

टप्पा ५: सेटिंग आधी ठरवा, जागेवर नको

*फोटोसाठी.* चालती माणसं स्थिर हवी असतील तर शटर (उजेड आत येण्याची वेळ) निदान १/२५० सेकंद, जवळून आडवी जात असतील तर १/५००. फोकस हाताने ठरवून ठेवा. फुल फ्रेमवर ३५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकार), फोकस ३ मीटरवर ठेवला तर साधारण १.९ ते ७ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. २८ मिमीवर एफ ८ ला फोकस ३.३ मीटरवर ठेवला तर सुमारे १.७ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत. याचा फायदा असा की कॅमेऱ्याला फोकस शोधत बसावं लागत नाही आणि तुमचं लक्ष घडणाऱ्या गोष्टीवर राहतं.

*व्हिडिओसाठी.* शटरची वेळ फ्रेमच्या वेळेच्या निम्मी ठेवा: सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०, ३० असतील तर १/६०. हालचाल डोळ्याला सहज वाटते ती यामुळे. अडचण येते ती उन्हात. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, शटर १/५० आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ ठेवलं तर सुमारे चार स्टॉप उजेड जास्त होतो (दर स्टॉपला उजेड दुप्पट). तो शटरचा वेग वाढवून कमी करू नका, चाल तुटक दिसते. उजेड सोळा पटीने कमी करणारा एनडी १६ फिल्टर लावा.

*दिव्यांचा थरथराट.* ५० हर्ट्‌झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० हर्ट्‌झवर १२० वेळा. शटर त्या लयीशी जुळलं नाही की व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. ५० हर्ट्‌झला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्‌झला १/६० किंवा १/१२० हे सुरक्षित आकडे. एलईडी पाट्यांची लय स्वतःची असते, त्यांच्यासमोर अर्धा मिनिट चाचणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. फोटो काढताना इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलता सेन्सरच ओळीओळीने चित्र वाचतो ते) वापरलं तर हेच पट्टे फोटोतही येतात आणि वेगाने जाणारी वाहनं तिरकी झालेली दिसतात. अशा वेळी मेकॅनिकल शटर वापरा.

तपासा: व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ऑटोवर नाही ना? कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हींची घड्याळं जुळली आहेत ना? व्हिडिओत एक्स्पोजर (उजेडाची मात्रा) आणि फोकस दोन्ही पक्के केले आहेत ना? चौकटीतून कुणी जवळून गेलं की ऑटो फोकस त्याच्यामागे पळतो आणि चांगला शॉट तिथेच वाया जातो.

टप्पा ६: फोटोचे दिवस आणि व्हिडिओचे दिवस वेगळे ठेवा

हा सल्ला बहुतेकांना पटत नाही. कॅमेरा दोन्ही करतो, मग वेगळे दिवस कशाला? कारण दोन्हींत वाट पाहण्याची तऱ्हा वेगळी आहे. फोटोत एका क्षणाकडे लक्ष असतं, तो आला की बोट हलतं. व्हिडिओत तुम्ही आधीच बटण दाबलेलं असतं आणि काहीही घडलं तरी हलायचं नसतं. दोन्ही एकाच तासात करायला गेलं की शॉट मध्येच तोडून फोटो काढला जातो आणि ‘आता व्हिडिओ घेऊ’ म्हणेपर्यंत माणूस उठून गेलेला असतो. शटरचे आकडे उलटसुलट होतात ते वेगळंच.

आधी फोटोचे दिवस घ्या. त्यातून कोणत्या चौकटीत गोष्टी घडतात हे पक्कं होतं आणि व्हिडिओसाठी ट्रायपॉड कुठे ठेवायचा ते आपोआप ठरतं.

*फोटोच्या दिवशी:* नकाशावरच्या खुणेवर उभे राहा, चौकट बांधा आणि माणसांना तिच्यात येऊ द्या. घडण्याच्या आधीचा, घडतानाचा आणि नंतरचा असे तिन्ही फोटो घ्या. नंतरचा बहुतेक जण विसरतात. पिशवी मांडीवर गेल्यानंतर उरलेली रिकामी जागा त्याच फोटोत असते.

*व्हिडिओच्या दिवशी:* ट्रायपॉड, स्थिर चौकट, पॅन (कॅमेरा आडवा वळवणं) नाही, झूम नाही. बटण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि मगच शॉट सुरू झाला असं समजा, शेवटीही तसंच. एकेक शॉट निदान दोन मिनिटांचा असू द्या. कुणी चौकटीतून बाहेर गेलं तर जाऊ द्या. त्याच्या मागे कॅमेरा वळवला की शॉट त्या माणसाचा होतो, जागेचा राहत नाही.

सावधान: ‘काहीच घडत नाही’ म्हणून बटण बंद करण्याचा हात शिवशिवतो. ठरवलेली दोन मिनिटं पुरी करा. बाकावरचं माणूस उठून गेल्यावरचा रिकामा बाक पुढे संकलनात श्वासासारखा उपयोगी पडतो आणि नेमका तोच कुणाकडे नसतो.

टप्पा ७: आवाज

आवाज कॅमेऱ्यावर सोडू नका. रेकॉर्डर वेगळा ठेवा: ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, ऑटो लेव्हल (आवाजाची पातळी आपोआप बदलणं) बंद. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल अशी पातळी धरा, म्हणजे अचानक हॉर्न वाजला तरी ध्वनी फाटणार नाही. हेडफोन कानावर हवेतच, मीटरवर वारा कळत नाही. आवाज चित्राशी जुळवायचा असेल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा.

प्रत्येक फेरीत जागेचा नुसता आवाज दोन-तीन मिनिटं वेगळा घ्या. तुम्ही बोलायचं नाही, हलायचं नाही. दोन शॉट जोडताना आवाजात पडणारी फट यानेच बुजते. शिवाय जवळचे सुटे आवाजही घ्या: जिन्याच्या कठड्यावर घासत जाणारी अंगठी, बाकाची करकर.

टप्पा ८: त्याच रात्रीचं काम

हिशोब आधीच करा. सेकंदाला १०० मेगाबिटने घेतलेला व्हिडिओ तासाला ४५ गिगाबाइट जागा खातो. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, आणि करायचं ते कॅमेऱ्यातच. फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

आठवण ताजी असतानाच प्रत्येक शॉटपुढे एक ओळ लिहा. ‘बाक ३’ असं नको. ‘पिशवी उचलते, मिनिट १:१०’ असं हवं. महिनाभराने दोनशे क्लिप समोर असतील तेव्हा दुसरी ओळच कामाला येते.

टप्पा ९: निवड

शूटिंग संपल्यावर निवडीआधी निदान दोन आठवडे जाऊ द्या. त्या दिवशी किती कष्ट पडले, किती वेळ उन्हात उभे राहिलो, हे डोक्यात ताजं असेल तोवर निवड कष्टाची होते, फोटोची होत नाही.

पहिल्या चाळणीत फक्त तांत्रिक बिघाड असलेले बाजूला काढा. दुसऱ्या चाळणीत टप्पा १ मधला प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा आणि प्रत्येक फोटोला विचारा: इथे ते घडताना दिसतंय का? ‘फोटो छान आहे’ हे उत्तर चालत नाही. देखण्या पण असंबद्ध फोटोंसाठी एक वेगळं फोल्डर करा. पुसून टाकायला हात धजत नाही, आणि ते फोटो यादीत राहिले तर हमखास आत घुसतात.

उरलेल्यांच्या १०×१५ सेंटीमीटरच्या स्वस्त प्रिंट काढा आणि जमिनीवर पसरा. पडद्यावर एकामागून एक फोटो बघताना जे कळत नाही ते इथे दिसतं: एकाच उंचीवरून काढलेले पंधरा फोटो, एकाच वेळेचं ऊन, सगळ्या फोटोंत उजवीकडेच बघणारी माणसं. सारख्या दोनांमधला एक ठेवा. पंधरा ते पंचवीस उरले तर पुष्कळ.

व्हिडिओची निवड आवाज बंद करून एकदा आणि फक्त आवाज ऐकून एकदा करा. दोन्ही वेळा टिकला तो शॉट ठेवा.

टप्पा १०: फोटो आणि व्हिडिओ एकत्र आणताना

एकाने दाखवलेलं दुसऱ्याने पुन्हा दाखवू नये. पिशवी सरकण्याची क्रिया व्हिडिओत असेल तर फोटो नंतरच्या रिकाम्या जागेचा घ्या. हात फोटोत नेमके सापडले असतील तर व्हिडिओत लांबची चौकट ठेवा, वेळ जाताना दिसेल अशी.

फोटो व्हिडिओच्या आत घालायचे असतील तर बहुतेक फोटो ३:२ प्रमाणात असतात आणि पडदा १६:९. बाजूला काळी पट्टी येऊ द्या, ती भरण्यासाठी फोटो कापू नका. फोटोवर संथ झूमही नको. तो पुन्हा व्हिडिओ होऊ पाहतो आणि धड दोन्ही राहत नाही. फोटोखाली जागेचा नुसता आवाज चालू ठेवला तर पुरे. पार्श्वसंगीत टाळा, प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते आधीच सांगून टाकतं.

संकलनाचा क्रम दिवसाच्या वेळेनुसार, सकाळ ते रात्र, असाच लागला पाहिजे असा समज आहे. तो सोपा आहे, म्हणूनच सगळ्यांच्या कामात दिसतो. त्याऐवजी क्रियेनुसार लावून बघा: येणं, जागा शोधणं, बसणं, सरकणं, उठणं. माणसं बदलत राहतात, क्रिया पुढे सरकते.

तपासा: कच्चं संकलन अशा दोघांना दाखवा ज्यांना विषय माहीत नाही. काही समजावून सांगू नका. बघून झाल्यावर एवढंच विचारा: ‘लोक काय करत होते?’ उत्तरात तुमच्या प्रश्नातली क्रिया आली तर काम जमतंय. ‘वातावरण छान होतं’ असं आलं तर टप्पा ९ वर परत या. बहुतेकदा लांब चौकटी जास्त आणि हातापायांचे जवळचे शॉट कमी पडलेले असतात.

टप्पा ११: मांडणी

प्रदर्शनात व्हिडिओ फिरत राहणार असेल तर प्रेक्षक मधूनच येतो आणि मधूनच जातो. म्हणून शेवटचा आणि पहिला शॉट एकमेकांना लागून तीन-चार वेळा बघा, जोड अडखळत असेल तर बदला. शीर्षक आणि श्रेयनामावली पडद्यावर न ठेवता शेजारच्या पाटीवर द्या. एकाच खोलीत दोन पडदे असतील तर एकाचा आवाज हेडफोनवर न्या. फोटो डोळ्यांच्या उंचीवर लावा, साधारण चौकटीचा मध्य जमिनीपासून १५० सेंटीमीटरवर.

फोटोखालच्या ओळीत जागा आणि वेळ एवढंच लिहा. माणसाला काय वाटत होतं ते तुम्हाला माहीत नाही, तेव्हा लिहू नका. आणि मांडणी पक्की होण्याआधी टप्पा ३ मधल्या बाबी पुन्हा तपासून बघा: कुणाची संमती राहिली आहे का, कुणी नको म्हटलेला फोटो चुकून पुन्हा आत आला आहे का. उद्घाटनाच्या दिवशी भिंतीवरून फ्रेम उतरवण्याची वेळ येते ती बहुधा याच बाबींपायी.